साथीच्या दिवसांत लॉजवर उतरायचं कसं आणि उतरवून घ्यायचं कसं

बेळगावात लॉजवर उतरणारे लोक मौजमजेला आलेले कमीच असतात बघा. इथं माणूस कामाला येतो आणि ते काम पुढं ढकलता येण्यासारखं नसतं. चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडीकडनं पेशंट घेऊन केएलई हॉस्पिटलला नाहीतर सिव्हिल हॉस्पिटलला आलेली माणसं, पोरगा मराठा लाइट इन्फंट्रीत लागलाय म्हणून त्याची कसम परेड बघायला आलेले आईबाप, लग्नाचा बस्ता बांधायला खडेबाजारात उतरलेलं आख्खं खानदान, औषध कंपन्यांचे एमआर, पुणे-बेंगलोर हायवेवरचे ड्रायव्हर. त्यामुळं साथ आली की लॉज बंद करून गप्प बसूया म्हणणं सोपं, पण पेशंटचा भाऊ रात्री अकराला बॅग घेऊन दारात उभा राहतो त्याला काय सांगणार?

म्हणून हे लिहायला घेतलं. लॉज आणि हॉटेल चालवणाऱ्यांसाठी पण आणि तिथं येणाऱ्यांसाठी पण. कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं डब्ल्यूएचओनं ५ मे २०२३ ला जाहीर केलं, पण त्याच्या आधी २००९ ला स्वाइन फ्लू येऊन गेलेला होता आणि पुढं काय येईल कोण सांगणार. तेव्हा जे जे केलं त्यातलं निम्मं कामाचं होतं आणि निम्मं नुसता देखावा होता, ते वेगळं करून ठेवलेलं बरं. माझं मत आधीच सांगतो, सगळ्यात जास्त धोका पाहुण्याला नसतो, तो रूम बॉयला आणि सप्लायरला, म्हणजे हॉटेलात वाढणाऱ्या पोराला असतो, कारण पाहुणा एक रात्र राहून जातो आणि पोरगा रोज वीस पाहुण्यांच्या तोंडासमोर उभा राहतो. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

भांडण काउंटरवर होतं, म्हणून बोलणं फोनवर करा

२०२० च्या ८ जूनला कर्नाटकात हॉटेलं लॉज उघडले. पलीकडं महाराष्ट्रात लॉज उघडायला ८ जुलै उजाडला, तो पण ३३ टक्के खोल्यांवर, आणि बसून जेवायची हॉटेलं तर ५ ऑक्टोबरला सुरू झाली. म्हणजे महाराष्ट्रातल्या कागलचा माणूस आणि कर्नाटकातल्या निपाणीचा माणूस, मधे जेमतेम काही किलोमीटर, पण दोघांचे नियम वेगळे. त्यात महाराष्ट्रातनं कर्नाटकात आलेल्याला सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा, सात दिवस संस्थात्मक क्वारंटाइन, मग ऑगस्टच्या २४ ला ते सगळं काढलं, मग २०२१ च्या फेब्रुवारीत परत बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह पाहिजे म्हणाले. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागायच्या त्या यामुळंच.

यातनं शिकायचं एवढंच की सीमेवरच्या लॉजवाल्यानं आपल्याच राज्याचा नियम माहीत असून भागत नाही, दोन्हीकडचा आजचा नियम माहीत पाहिजे. आणि तो बुकिंगच्या फोनवरच सांगून टाकायचा. कुठला कागद लागणार, मास्क लागणार, रूम सर्व्हिस दारापर्यंतच, चादर रोज बदलली जाणार नाही, ताप असला तर आधी फोन करा आम्ही अॅडव्हान्स परत देतो. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. अॅडव्हान्स बुडणार म्हटल्यावर माणूस क्रोसिन खाऊन येतो, ताप दिसत नाही, आणि पैसे परत मिळणार म्हटल्यावर तोच माणूस घरी थांबतो. पाचशे-हजार रुपयांसाठी आख्ख्या स्टाफला आजारी पाडू नका.

फोनवर बोलणं झालं की तेच व्हॉट्सअॅपवर मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत पाठवून द्यायचं. तिन्ही मजकूर एकदाच टाइप करून ठेवा, रोज कॉपी पेस्ट करायचं. रात्री प्रवास करून दमून आलेल्या माणसाला काउंटरवर पहिल्यांदा नियम ऐकवले की तो तडकतोच, त्याचं पण काही चुकत नाही.

पाहुण्यांनी पण फोनवर लपवू नका. आमच्यात कुणी पेशंट आहे, आई पंच्याहत्तरची आहे, बाळ लहान आहे, मी हॉस्पिटलमधनं जाऊन येऊन करणार आहे, हे सांगितलं तर खालच्या मजल्यावरची खिडकीवाली खोली मिळू शकते. लपवलं तर कोपऱ्यातली कोंदट खोली मिळाली म्हणून नंतर तक्रार करायला तोंड राहत नाही.

काउंटरवर

ताप मोजायचं ते पिस्तूल आठवतंय ना, कपाळावर धरायचं. त्याच्यावर फार विसंबून राहू नका. एप्रिलमध्ये खानापूरहून टू-व्हीलरवर आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलंच असणार, त्याला सावलीत दहा मिनिटं बसवा, पाणी द्या, मग मोजा. १००.४ फॅरनहाइटच्या वर आलं तर ताप धरायचा. आणि लक्षणं नसलेल्या माणसाचा यात काहीच पत्ता लागत नाही, त्यामुळं यंत्रानं पास केला म्हणजे मास्क काढून गप्पा मारायला मोकळे असं नाही.

काउंटरसमोर काच किंवा जाड प्लास्टिक लावलं तर बरं, पण त्याच्यामुळं आवाज जात नाही आणि मग दोघं पण बाजूनं डोकं काढून बोलतात, म्हणजे लावून काय उपयोग. त्यापेक्षा काउंटर दारापाशी, वारं येतं तिथं सरकवता आला तर सरकवा. आमच्याकडच्या जुन्या लॉजमध्ये काउंटर जिन्याखाली असतो, तिथं एक खिडकी पण नसते, मग निदान टेबल टाकून पाहुण्याची नोंद बाहेर व्हरांड्यात करा. पावसाळ्यात त्रास होतो, मान्य. बेळगावचा पाऊस काय असतो ते सांगायला नको, तेवढ्यापुरतं एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून आत घ्या.

रजिस्टरचं एकच पेन सगळ्यांच्या हातात जातं म्हणून लोक फार घाबरायचे. खरं तर वस्तूंना हात लावून लागण होण्याचा धोका हवेतनं होण्यापेक्षा फारच कमी असतो हे पुढं कळलं, पण पेन वेगळं ठेवायला काय पैसे पडतात, ठेवा. आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागत असाल तर मास्क्ड आधार चालेल म्हणून सांगा, त्याच्यात नंबरचे शेवटचे चार आकडेच दिसतात, आणि रजिस्टरला नोंद झाली की फोटो मोबाइलमधनं काढून टाका. काउंटरवरच्या पोराच्या स्वतःच्या फोनमध्ये शंभर लोकांचे आधार पडून राहिलेत हे बरोबर नाही. परदेशी पाहुणा असेल तर त्याची नोंद (जुना सी फॉर्म) चोवीस तासांच्या आत सरकारला कळवायची असतेच, साथ असो नसो.

पैसे शक्यतो क्यूआर कोडवर. पण गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाकडं रोखच असते, त्याला "ऑनलाइन नाही काय?" म्हणून चारचौघांत विचारू नका, एक ट्रे ठेवा, त्यात पैसे, त्यातच सुट्टे, नंतर हात धुवा, झालं.

आणि एक, नंबर प्लेट बघून तोंड वाकडं करायचं बंद. एमएच ०९ ची गाडी पार्किंगला लागली की आमच्यातलेच काही जण लांब सरकायचे, जसं काय विषाणू कोल्हापूर पासिंगचाच असतो. प्रवास कुठनं झाला हे फॉर्मवर विचारायचंच असतं, पण ते बेळगावच्या केए २२ वाल्याला पण त्याच आवाजात विचारा. तापाचं, खोकल्याचं, घरात कोण आजारी आहे काय याचं विचारा, ते जास्त कामाचं. निम्म्या बेळगावची सोयरीक पलीकडं आहे, पाहुणा कुणाचा तरी मेव्हणाच निघतो.

फवारणी की खिडकी

माणूस आला की त्याच्या अंगावर, बॅगेवर, चपलांवर सगळीकडं फुसफुस करणारी पोरं तुम्ही पण बघितली असतील. माणसाच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका. एप्रिल २०२० मध्येच आपल्या केंद्रीय आरोग्य खात्यानं सांगितलं होतं की ह्याचा उपयोग नाही आणि डोळ्याला, कातडीला, श्वासाला त्रास होतो. तरी पण किती तरी ठिकाणी माणसांवर फवारा मारायचे ते बोगदे उभे राहिले. खोलीत धूर सोडणं, फवारा मारणं हे पण डब्ल्यूएचओनं नको म्हटलंय, कपड्यानं पुसणंच बरोबर.

पुसायला सोडियम हायपोक्लोराइट एक टक्का. बाजारातलं पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. ब्लीचिंग पावडर चांगली, म्हणजे तेहेतीस टक्केवाली असेल तर लिटरला तीस ग्रॅमच्या आसपास. रोजचं रोज बनवायचं, कालचं उरलेलं उतरलेलं असतं. पुसून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. कडी, नळ, रिमोट, स्विच अशा ठिकाणी, त्यातल्या लोखंडी पितळी वस्तूंना ते खातं म्हणून तिथं सत्तर टक्के अल्कोहोल. आणि हे मुलांना ओरडून सांगा, ब्लीचमध्ये टॉयलेटचं अॅसिड कधीच मिसळायचं नाही. क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये पोरगा बेशुद्ध पडायचा. सॅनिटायझर पेटतो हे पण लक्षात असू द्या, देवाच्या दिव्याजवळ आणि किचनमध्ये गॅसजवळ बाटली ठेवू नका.

पण हे सगळं झालं दुय्यम. मुख्य काय तर खिडकी. पाहुणा गेला की आधी खिडकी सताड उघडायची, पंखा सोडायचा, दार लावून निघून यायचं, अर्ध्या तासानं आत जायचं. लगेच झाडू घेऊन आत शिरलात तर पाहुण्यानं रात्रभर सोडलेल्या श्वासातच तुम्ही काम करालाय. चादर उचलताना झटकायची नाही, गुंडाळून थेट पिशवीत, गरम पाण्यात साबणानं धुवायची. एसीबद्दल सरकारी नियम २४ ते ३० डिग्री, आर्द्रता ४० ते ७० टक्के असा होता, पण आपल्या स्प्लिट एसीची मुख्य भानगड तापमान नाही, तो खोलीतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. बेळगावच्या हवेत वर्षातले बरेच महिने एसीची गरजच नसते, पाहुण्याला प्रेमानं सांगा, खिडकी उघडी ठेवा, जाळी लावून देतो, डास येणार नाहीत. आणि जाळी खरंच लावा.

दारावरचं बोलणं

रूम सर्व्हिस म्हणजे दारात स्टूल. पोरगा ताट स्टुलावर ठेवतो, दार वाजवतो, चार पावलं मागं सरकतो आणि "जेवण ठेवलंय काका" म्हणून तोंडानं सांगतो. हे तोंडानं सांगणं सोडू नका. काही लॉजमध्ये नुसतं ठेवून पोरगं पळून जायचं, आतल्या माणसाला कळायचं पण नाही, सांबार गार, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण महारोगी असल्यासारखं त्याला वाटायचं. सहा फूट लांब उभं राहून पण माणसाची विचारपूस करता येते. "जेवलासा काय? काय आणि पाहिजे?" एवढं विचारलं की माणूस खूश.

पाहुण्यानं काय करायचं, तर दार उघडायच्या आधी मास्क लावायचा. खोली तुमची आहे, आत तुम्ही कसेही बसा, पण दार उघडलं की कॉरिडॉर सगळ्यांचा आहे. दिवसातनं दहादा पाणी आण, चहा आण, टॉवेल आण म्हणून बोलवू नका, एकदाच यादी सांगा. दोन टॉवेल, दोन साबण, पाण्याचे चार कॅन, कचऱ्याच्या दोन पिशव्या पहिल्याच दिवशी खोलीत ठेवून द्यायला सांगा, लॉजवाल्याला पण ते सोयीचं पडतं. खोली साफ करायला पोरगा आला की तुम्ही बाहेर जाऊन या. बेडवर बसून मोबाइल बघत त्याला खाली फरशी पुसायला लावू नका, ते एरवीही बरं दिसत नाही.

टीप द्यायची तर ताटाखाली ठेवा, नाहीतर पोराचा क्यूआर विचारा. त्या काळात टीप बंद झाली होती बघा, हातात हात द्यायचा नाही म्हणून लोकांनी टीपच द्यायची सोडली. पोरांचा निम्मा खर्च त्याच्यावर चालतो.

भाषेचं आमच्याकडं एक वेगळंच. पोरगा गोकाककडचा, त्याला कन्नड येतं आणि मोडकं हिंदी, खोलीत आजीबाई आजऱ्याच्या, त्यांना मराठीशिवाय काही येत नाही, आणि दोघांच्या तोंडावर मास्क. मास्कामुळं ओठ दिसत नाहीत, एरवी हावभावावर जे निभतं ते पण जातं. म्हणून नेहमीच्या दहा गोष्टींची चित्रं काढून प्रत्येक खोलीत चिकटवा, गरम पाणी, चहा, जेवण, डॉक्टर, चादर आणि त्याच्यासमोर इंटरकॉमचा नंबर. पाहुण्यांनी पण दोन वाक्यं पाठ केली तर बिघडत नाही, "स्वल्प दूर निल्री" म्हणजे जरा लांब उभे राहा आणि "मास्क हाक्कोळ्री" म्हणजे मास्क लावा. ते शेवटचं री विसरू नका, त्याच्यातच सगळा मान आहे, री काढून टाकलात तर पोरगा मास्क लावेल पण तुमचा चहा गार येईल.

हॉटेलात जेवायला बसल्यावर

हॉटेलातली गोची अशी की मास्क काढल्याशिवाय जेवता येत नाही. मग ज्या वेळी मास्क काढलेला असतो त्या वेळी सप्लायर जवळ नको, इतकं साधं गणित. बसल्या बसल्या मास्क असतानाच सगळी ऑर्डर द्यायची, रोटी किती, भात कुठला, ताक पाहिजे काय, शेवटी गोड काय. जेवण आल्यावर मास्क काढायचा. मधेच काही लागलं तर हात वर करा, तो लांब उभा राहून ऐकेल, तोंड मोकळं ठेवून त्याला कानाशी बोलवून घेऊ नका. जेवण झालं की मास्क लावून मग बिल मागा.

हॉटेलवाल्यांनी एकाआड एक टेबल, निम्म्या खुर्च्या, हे नियमात होतंच. पडदे लावलेल्या फॅमिली केबिन मात्र पूर्ण बंद ठेवा, घरच्या बायकामुलांना आडोसा म्हणून लोक मागतात पण त्याच्यात हवाच खेळत नाही. त्यापेक्षा खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल द्या. चटणीचे वाटे, लोणच्याची बरणी, बडीशेपेची वाटी ज्यात सगळे बोटं घालतात, ते सगळं उचला, पुडीतली बडीशेप द्या. कापडी नॅपकिनऐवजी कागदी. मेनू भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला की मेनूकार्ड पुसत बसायला नको. उभ्यानं खायच्या दर्शिनीत तर काम सोपं, रस्त्याकडची बाजू उघडीच असते, फक्त कुपनच्या रांगेत लोक एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभे राहतात तिथं एक माणूस ठेवा.

हात धुवायचा साबण बेसिनवर पाहिजेच, चाळीस सेकंद ते एक मिनिट धुवायचे असतात. सॅनिटायझर लावून तसंच जेवायला बसतात लोक, चव पण जाते आणि तेलकट हातावर त्याचा उपयोग पण होत नाही.

मास्क लावणार नाही म्हणणारा

असतोच एकजण. मोठ्या आवाजाचा, बहुतेक दोन-तीन लोकांसोबत. अशा वेळी एकोणीस वर्षाच्या पोराला पुढं करू नका, मॅनेजरनं नाहीतर मालकानं उठायचं. चारचौघांत बोलायचं नाही, बाजूला घ्यायचं. "नियम आहे" असं म्हटलं की तो नियमाशी भांडायला लागतो, मग मोदी, येडियुरप्पा, चीन सगळं निघतं आणि तुमचा अर्धा तास जातो. त्यापेक्षा "साहेब, ह्या पोराची आई डायलिसिसवर आहे, त्याच्यासाठी लावा की" हे चालतं, पण खरं असेल तरच म्हणा, खोटं सांगितलेलं कळतं. आणि काउंटरवर नवीन मास्क फुकट ठेवा. निम्मे लोक तत्त्वासाठी भांडत नसतात, त्यांचा मास्क गाडीत राहिलेला असतो आणि परत जायचा कंटाळा असतो.

एवढं करून नाही ऐकलं तर खोली देऊ नका. अॅडव्हान्स परत, रामराम. धंदा जाईल म्हणून घाबरायचं कारण नाही, त्याला खोली दिली तर बाकीचे तीन पाहुणे तोंड फिरवून जातात.

उलट्या बाजूनं पण होतं. पाहुण्याला दिसतं की आचारी मास्क हनुवटीवर ठेवून फोडणी घालालाय. तेव्हा व्हिडिओ काढून टाकू नका लगेच, किचन चाळीस डिग्रीला तापलेलं असतं. मॅनेजरला हळूच सांगा. तरी ऐकलं नाही तर मग उठा आणि दुसरीकडं जेवा.

खोलीतल्या माणसाला ताप आला तर

हे सगळ्यात अवघड आणि इथंच लॉजवाल्याची परीक्षा असते. रात्री दोनला खोलीतनं फोन येतो, अंग फणफणलंय. पहिली गोष्ट, त्याला बाहेर काढायचं नाही. नियमात पण तेच होतं, त्याला त्याच खोलीत वेगळं ठेवायचं, मास्क द्यायचा आणि जवळच्या दवाखान्याला नाहीतर हेल्पलाइनला कळवायचं. कर्नाटकात आरोग्य सहाय्यवाणी १०४, अॅम्ब्युलन्स १०८. हे दोन नंबर इंटरकॉमवर चिकटवून ठेवा.

काउंटरच्या ड्रॉवरमध्ये एक ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, चालू सेलसकट ठेवा. दाराशी स्टुलावर ठेवायचा, पाहुण्यानं स्वतः लावायचा, आकडा फोनवर सांगायचा. नखाला मेंदी नाहीतर नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो, दुसरं बोट घ्या. कोविडच्या वेळी ९४ च्या खाली म्हणजे थांबायचं नाही असं ठरलं होतं. आकडा चांगला असून पण धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल तर थेट १०८. डॉक्टर बनायला जाऊ नका, तुमच्याकडच्या गोळ्या देऊ नका, पॅरासिटामॉल सोडून काही द्यायचं असेल तर डॉक्टरला फोनवर विचारूनच.

कॉमन संडास-बाथरूमवाल्या स्वस्त लॉजमध्ये ही मोठी अडचण होते. एक अटॅच खोली कायम रिकामी ठेवा, शेवटची, जिन्यापासनं लांब. भाडं बुडतं, पण ज्या रात्री लागते त्या रात्री आख्खा मजला वाचतो.

आता पाहुण्यासाठी. तुम्हाला ताप आला तर सांगा. सांगितलं तर हाकलून देतील या भीतीनं लोक दडवतात, ती भीती लॉजवाल्यानं घालवायची असते, पण तुम्ही पण निम्मं अंतर चाला. नातेवाइकाचा नंबर रजिस्टरला खरा लिहा. रोजची औषधं, शुगरच्या गोळ्या, जुन्या रिपोर्टचे फोटो सोबत ठेवा, हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न तोच येतो.

आणि नाव बाहेर जाता कामा नये. अमक्या लॉजवर अमक्या गावचा पेशंट सापडला म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव, गाव, फोटोसकट फिरायचं. त्या माणसाच्या घरच्यांना दूधवाला दूध घालायचा बंद झाला. आरोग्य खात्याला काय सांगायचं ते सांगा, बाकी कुणालाही नाही, शेजारच्या दुकानदाराला तर मुळीच नाही.

क्वारंटाइनमध्ये दिवस काढणारा पाहुणा असेल तर त्याला वेळेवर जेवण मिळालं तरी तो खचतो, कारण दार बंद आणि बोलायला कुणी नाही. एक वेळ ठरवा, संध्याकाळी पाचला म्हणा, काउंटरवरनं फोन जायचाच. आज काय बघितलंत, पाऊस कसा आहे बाहेर, एवढंच. घरच्यांनी आणलेला डबा, कुंद्याची पुडी गेटवर घ्यायची आणि वर पोचवायची, त्याला नाही म्हणू नका. खिडकीतनं खाली उभ्या असलेल्या नातवाला हात करता येईल अशी रस्त्याकडची खोली म्हाताऱ्यांना द्या.

पोरांची खोली

पाहुण्यांच्या खोल्या चकाचक आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सहा पोरं एकाला एक लागून झोपलेली, हे बहुतेक लॉजमध्ये असतं. साथ तिथनंच पसरते. दिवसभर मास्क लावून काम केलं आणि रात्री एकाच खोलीत आठ तास एकमेकांचा श्वास घेतला तर काय उपयोग झाला? खोल्या रिकाम्या पडलेल्याच असतात त्या दिवसांत, दोन-दोन पोरं एका खोलीत टाका. तेवढं जमत नसेल तर निदान डोकं एकाचं इकडं एकाचं तिकडं, आणि खिडकी उघडी. जेवायला पण सगळे एकत्र मास्क काढून बसतात तेव्हा पाळी लावा, दोघं-तिघं करून गच्चीवर जेवू द्या.

आणि पगार. ताप आलेल्या पोराचा पगार कापणार असाल तर तो ताप सांगणार नाही, सरळ आहे. गावाकडं पैसे पाठवायचे असतात त्याला. आजारपणाची रजा पगारी आहे असं पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा. ईएसआयला, म्हणजे सरकारी कामगार विम्याला नाव घातलेलं असेल आणि वर्गणी नियमानं भरलेली असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात, बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं, कार्ड काढून दिलेलं असतं आणि ते मालकाच्या कपाटात पडलेलं असतं. काढून त्यांच्या हातात द्या.

बरा होऊन आलेल्याला कधी कामावर घ्यायचं, तर जानेवारी २०२२ च्या नियमात सौम्य आजाराला पॉझिटिव्ह आल्यापासनं किमान सात दिवस आणि शेवटचे तीन दिवस सलग ताप नको असं होतं. पुढच्या साथीचे दिवस वेगळे असतील, त्या वेळचं बघा. पण आल्या आल्या त्याला तीन मजले बॅगा उचलायला लावू नका. दोन-तीन आठवडे काउंटरवर बसवा, फोन घेऊ दे, हिशेब लिहू दे, दम परत आल्याचं तोच सांगेल.